रिपोर्ट आहे हो, पण कुठे आहे?

"डॉक्टर, रिपोर्ट आहे हो, पण आत्ता जवळ नाही." ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येते. मग कुठे आहे? तर थोरल्याच्या मोबाइलमध्ये. थोरला पुण्याला. त्याला फोन लावला की तो म्हणतो, मी ताईच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता. ताई म्हणते, तो फोन केव्हाच बदलला. एक प्रत गावच्या डॉक्टरांच्या फायलीत असावी, एक विमा कंपनीकडे गेली असावी, आणि "हॉस्पिटलमध्ये तर असेलच की!"

मोजून बघा. एकाच रिपोर्टच्या पाच प्रती झाल्या आणि गरजेच्या वेळी हातात एकही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. फरक इतकाच, की इथे कळसा नेमका कोणाच्या काखेत आहे तेच कोणाला ठाऊक नसते.

याला पेशंटचा निष्काळजीपणा म्हणण्याची आम्हा डॉक्टरांना सवय आहे. मला ते अजिबात मान्य नाही. लोक रिपोर्ट जपतात. पिशवीत, कपाटात, गादीखाली, देवघराच्या खणात वर्षानुवर्षे जपतात. कारण आपण त्यांना एवढेच सांगत आलो: "कागद जपून ठेवा." कागद कुठे ठेवला हे लिहून ठेवा, असे कोणी सांगितलेच नाही. रुग्णालय सांगत नाही, लॅब सांगत नाही, विमा कंपनी तर नाहीच नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. प्रत जपणे हे अर्धे काम. कोणती प्रत कुठे आहे याची नोंद जपणे हे उरलेले अर्धे काम. जिचा ठावठिकाणा माहीत नाही, ती प्रत नसल्यातच जमा.

जुन्या रिपोर्टवाचून एवढे काय अडते?

"पुन्हा तपासणी करू की, त्यात काय?" असे अनेकांना वाटते. काही तपासण्या पुन्हा करता येतात, पण गेलेला काळ पुन्हा तपासता येत नाही.

छातीत दुखते म्हणून कोणी रात्री दवाखान्यात आले आणि ईसीजीमध्ये ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक’ दिसला, तर पहिला प्रश्न असतो: हा बदल आजचा की जुना? मागच्या वर्षीचा ईसीजी समोर असेल, तर उत्तर मिनिटात मिळते. नसेल, तर अंदाजावर आणि वाट बघण्यावर वेळ जातो.

रक्तात क्रिएटिनिन २.४ आले. किडनीला अचानक इजा झाली आहे, की हा बिघाड हळूहळू काही वर्षे चालू आहे? दोन्हींचे उपचार वेगळे. दोन वर्षांपूर्वीचा एक साधा रिपोर्ट या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देतो.

फुप्फुसात लहानसा घट्ट ठिपका दिसला. दोन वर्षांपूर्वीच्या सीटी स्कॅनमध्येही तो तेवढाच होता असे कळले, तर कर्करोगाची शक्यता खूपच कमी होते. जुना स्कॅन मिळाला नाही, तर पुन्हा स्कॅन, काही महिन्यांनी आणखी एक, कदाचित सुईने तुकडा काढणे, आणि तोवर घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली.

स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या काही काळ बरोबर घ्याव्या लागतात. मध्येच दुसरे ऑपरेशन निघाले, तर कोणती गोळी कधी थांबवायची हे स्टेंट कधी आणि कोणता बसवला यावर ठरते. पेसमेकर असलेल्या माणसाचा एमआरआय करायचा की नाही, हे पेसमेकरचे मॉडेल बघून ठरते. ही माहिती ज्या कार्डावर असते, ते कार्ड कपाटाच्या कोणत्या खणात आहे यावर पुढचे उपचार अडून राहतात.

एका आजाराचे कागद किती ठिकाणी?

एका साध्या अँजिओप्लास्टीचे उदाहरण घेऊ. इनडोअर केसपेपर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात. अँजिओग्राफीची सीडी कधी घरी, कधी फॅमिली डॉक्टरांकडे. डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत क्लेमसाठी विमा कंपनीकडे. रक्ताचे रिपोर्ट लॅबने पाठवलेल्या लिंकवर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर काही कागद त्या योजनेच्या पोर्टलवर. मुलाच्या मोबाइलमध्ये चार फोटो, त्यातले दोन तिरके आणि एक अर्धवट. ऑफिसकडून खर्च परत मिळवायचा असेल, तर एक संच तिकडे.

ही सात ठिकाणे झाली, आणि या सातांना एकमेकांचा पत्ता नाही. रुग्णालयाला माहीत नसते की तुमची मूळ प्रत विमा कंपनीने ठेवून घेतली. विमा कंपनीला माहीत नसते की लॅबची लिंक बंद पडली. सातही ठिकाणांची माहिती असलेली एकच व्यक्ती असते. बहुतेक घरांत ती पत्नी, सून किंवा मुलगी. सगळे तिच्या डोक्यात असते, कागदावर काहीच नसते. ती स्वतः आजारी पडली की घरातल्या सगळ्यांचा वैद्यकीय इतिहास त्या दिवसापुरता हरवतो. यात तिचा दोष नाही, एकाच माणसाच्या स्मरणशक्तीवर सगळे घर टांगून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

मूळ कोणते, नक्कल कोणती?

"सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत" म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. सगळ्या गोष्टींचा फोटो ही प्रत होऊ शकत नाही.

रक्ताच्या रिपोर्टचा स्वच्छ फोटो चालतो. आकडे वाचता आले की काम होते.

सीटी किंवा एमआरआयचे तसे नाही. मशिनमध्ये शेकडो प्रतिमा असतात, फिल्मवर त्यातल्या निवडक छापलेल्या असतात. खिडकीवर धरलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला आणि व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेला फोटो म्हणजे नकलेच्या नकलेची नक्कल. त्यावरून कोणी गाठीचे माप घेऊ शकत नाही. स्कॅनची खरी प्रत म्हणजे सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मिळणाऱ्या मूळ ‘डायकॉम’ फायली. त्या मागून घ्या. आजकाल लॅपटॉपला सीडी घालायची सोय नसते, म्हणून घरी आल्यावर त्या दुसरीकडे उतरवून ठेवा.

ईसीजीचा कागद बहुतेक वेळा उष्णतेने उमटणारा असतो. तो काही वर्षांत फिका पडतो आणि काही प्लास्टिकच्या पाकिटांत आणखी लवकर. म्हणजे जपून ठेवला म्हणूनच पुसला गेला! त्याची झेरॉक्स किंवा स्कॅन त्याच दिवशी करावा.

आणि ज्याची प्रत निघूच शकत नाही अशी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल पेशंटला क्वचितच सांगितले जाते. ती म्हणजे बायोप्सीचा ब्लॉक. गाठीचा तुकडा लॅबमध्ये मेणासारख्या पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे अतिशय पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तुमच्या हातात येतो तो फक्त त्याचा लेखी निष्कर्ष. पुढे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल, स्तनाच्या कर्करोगात हॉर्मोन रिसेप्टर किंवा ‘हर-टू’ची तपासणी करायची असेल, किंवा काही वर्षांनी नवीन औषध लागू पडेल का ते बघायचे असेल, तर तोच ठोकळा लागतो. गाठ संपूर्ण काढून टाकलेली असेल, तर त्या गाठीचा शरीरात आता एक कणही उरलेला नसतो. जो काही पुरावा आहे तो त्या ठोकळ्यात आणि त्या काचपट्ट्यांवर. तो कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या क्रमांकाने, किती वर्षे ठेवला जाणार आहे, हे तुमच्या घरात कोणी लिहून ठेवले आहे का?

"आमच्याकडे रेकॉर्ड सेफ आहे"

रुग्णालयाच्या काउंटरवर मिळणारे हे आश्वासन किती काळाचे आहे, ते विचारून बघा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल झालेल्या रुग्णांचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. २०२३ मध्ये आलेली नवी नियमावली लगेच स्थगित झाली, त्यामुळे २००२ चीच पुन्हा लागू झाली. अनेक मोठी रुग्णालये रेकॉर्ड याहून जास्त काळ ठेवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पन्नाशीत बसवलेल्या स्टेंटची माहिती साठीत लागली आणि रुग्णालयाने "आता नाही" म्हटले, तर या नियमाचा आधार तुम्हाला मिळणार नाही. ३ वर्षे हे आयुष्यभराच्या आजाराचे माप नव्हे.

याच आचारसंहितेत दुसरी तरतूद आहे: पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने रेकॉर्ड मागितले, तर ७२ तासांच्या आत द्यायचे. हा हक्क आहे, उपकार नव्हे. तरीही प्रत मागणाऱ्याकडे संशयाने बघितले जाते. "कशाला हवीये? केस करणार का?" असे विचारले जाते. मग माणूस निमूटपणे परत जातो, आणि ३ वर्षे कधी संपली ते त्याला कळतही नाही.

शिवाय ‘सेफ’ या शब्दालाही मर्यादा आहेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयात कितीतरी दिवस हाताने लिहून काम चालवावे लागले. पुराचे पाणी तर आपल्या ओळखीचे आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात ते घराघरांत आणि दुकानादुकानांत शिरले. कागद असो वा संगणक, सगळे एकाच ठिकाणी ठेवणे म्हणजे त्या ठिकाणाच्या नशिबाला आपले नशीब बांधणे.

"आभा काढले की झाले!"

हा नवा गैरसमज आहे आणि सुशिक्षित लोकांत जास्त आहे. म्हणून नीट समजून घेऊ.

‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ची देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यात मिळणारा १४ आकडी आभा क्रमांक म्हणजे विम्याचे आयुष्मान कार्ड नव्हे. दोन्ही वेगळे. आणि आभा म्हणजे रिपोर्ट साठवण्याचे सरकारी गोदामही नव्हे. या योजनेची रचनाच अशी आहे, की रिपोर्ट जिथे तयार झाला त्या रुग्णालयाकडे किंवा लॅबकडेच राहतो. तो तुमच्या आभाशी जोडला असेल, तर ‘अमुक माणसाचा रिपोर्ट अमुक ठिकाणी आहे’ हा दुवा तयार होतो आणि तुम्ही संमती दिली की तो मागवता येतो.

कल्पना म्हणून मला ही पसंत आहे. सगळे एका ढिगात गोळा करण्यापेक्षा कुठे काय आहे याची नोंद ठेवणे केव्हाही शहाणपणाचे. पण नोंदवही तिच्यातल्या नोंदींइतकीच खरी असते. ज्या लॅबने रिपोर्ट जोडलाच नाही, त्याचा दुवा नाही. तुमचे २०१५ चे ऑपरेशन आपोआप तिथे येणार नाही. बायोप्सीचा ब्लॉक मोबाइलमध्ये येणार नाही. आणि जिथे रिपोर्ट होता ते नर्सिंग होम बंद पडले, तर पाटी राहील आणि घर नसेल. म्हणून आभा जरूर काढा, रिपोर्ट जोडून घ्या, पण "आता काळजी मिटली" असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

संगणकवाल्यांनी हे कधीच सोडवले आहे

हा प्रश्न काही फक्त आजाऱ्यांचा नाही. ज्यांच्या फायली अनेक डिस्कवर, अनेक संगणकांवर विखुरलेल्या असतात, अशा लोकांसाठी जोई हेस या प्रोग्रामरने २०१० मध्ये ‘गिट-ॲनेक्स’ नावाचा प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. तो तुम्ही वापरावा असे मी म्हणत नाही. त्यामागचा विचार मात्र प्रत्येक घराने उचलण्यासारखा आहे.

पहिला विचार: फाइल वेगळी आणि ती कुठे आहे याची नोंद वेगळी. फाइल एखाद्या ठिकाणी नसली तरी नोंद तिथे असते. ‘ही फाइल कुठे आहे?’ असे विचारले की ती ज्या ज्या डिस्कवर आहे त्यांची यादी समोर येते.

दुसरा विचार: एखादी प्रत काढून टाकायला सांगितली, तर तो आधी दुसरीकडे ठरलेल्या संख्येइतक्या प्रती खरोखर आहेत का हे तपासतो. खात्री झाली नाही, तर प्रत पुसायला चक्क नकार देतो.

तिसरा विचार: अधूनमधून प्रत्यक्ष तपासणी. वहीत लिहिले आहे पण डिस्कवर फाइल नाही, असे आढळले की वही दुरुस्त होते. डिस्कच हरवली, तर ती ‘मृत’ म्हणून नोंदवता येते, म्हणजे तिच्या भरवशावर कोणी राहत नाही.

हे वाचून "आमच्यासारख्यांना हे कुठे जमणार?" असे वाटत असेल, तर आपल्याच गावात बघा. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड आईकडे असते आणि त्याचा जोडभाग नर्सताईंकडे. हे जोडभाग महिन्यानुसार कप्पे असलेल्या पिशवीत ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे कोणाची लस कोणत्या महिन्यात आहे ते कळते. आईचे कार्ड भिजले तरी दुसरा भाग कुठे आहे हे आईला ठाऊक, आणि बाळ आले नाही तर कोणाच्या घरी जायचे हे ताईंना ठाऊक. दोन प्रती, दोन ठिकाणे आणि दोघांनाही दोन्हींचा पत्ता. उपकेंद्रात जे कागद-पिशवीवर जमू शकते, ते वातानुकूलित रुग्णालयात का जमत नाही, हा माझा सवाल आहे.

घरी काय करायचे? एक पान

एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाला दोन-तीन पाने द्या. प्रत्येक महत्त्वाच्या रिपोर्टसाठी एवढेच लिहा: तारीख, काय आहे, मूळ कुठे आहे, प्रती कुठे आहेत, शेवटचे कधी बघितले. उदाहरणार्थ:

• १४ मार्च २०२१. अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. डिस्चार्ज कार्ड: मूळ विमा कंपनीकडे, झेरॉक्स निळ्या फायलीत, स्कॅन मुलीच्या गुगल ड्राइव्हवर. सीडी आणि स्टेंटचे कार्ड: निळी फाइल. बघितले: दिवाळी २०२४.

• ६ जून २०२३. स्तनाच्या गाठीची बायोप्सी. रिपोर्ट: निळी फाइल आणि ड्राइव्ह. ब्लॉक आणि स्लाइड: लॅबमध्ये, लॅबचा क्रमांक शेजारी लिहिला आहे. किती वर्षे ठेवणार ते विचारून लिहिणे.

• २०१८ चा ईसीजी. मूळ फिका पडला. झेरॉक्स निळ्या फायलीत. थोरल्याच्या जुन्या मोबाइलमधला फोटो: मोबाइल गेला, खोडले.

ती खोडलेली ओळ सर्वांत मोलाची आहे, कारण आता तिच्या भरवशावर कोणी राहणार नाही.

मग चार नियम पाळा:

१. महत्त्वाच्या रिपोर्टच्या निदान दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत किंवा एक घरात आणि एक ऑनलाइन. एकाच मोबाइलमध्ये दोन ठिकाणी ठेवलेली प्रत ही एकच प्रत.

२. दुसरी प्रत स्वतःच्या डोळ्यांनी उघडून बघितल्याशिवाय पहिली टाकू नका, पुसू नका, कोणाला देऊ नका. "असेल तिकडे" हे उत्तर चालणार नाही. मूळ कागद विमा कंपनीला देण्याआधी झेरॉक्स, आणि दिल्याची पोच.

३. फायलीला नाव द्या. मोबाइलने दिलेले आकड्यांचे नाव कोणालाच सापडत नाही. ‘२०२४-०८-०२ आई छाती सीटी’ असे नाव दिले की तारखेप्रमाणे आपोआप रांग लागते.

४. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, वही आणि प्रत्यक्ष ताडून बघा. लिंक उघडते का? सीडी चालते का? लॅबची लिंक मिळाली की त्याच दिवशी फाइल उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर ती तशीच पडून राहिली, तर उद्या उघडेलच याची खात्री नाही.

आणि या वहीच्या पानाचा फोटो घरातल्या दोन जाणत्या माणसांकडे असू द्या. डोक्यातली यादी कागदावर आली की सूनबाईंनाही जरा मोकळा श्वास घेता येईल.

"जितक्या प्रती, तितका बोभाटा?"

हा आक्षेप रास्त आहे. मानसिक आजार, एचआयव्ही, गर्भपात, वंध्यत्व यांचे कागद गावभर फिरू नयेत. पण फिरतात कसे? कोणालाच न विचारता कुटुंबाच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकला जातो, आणि तो कोणाकोणाच्या फोनमध्ये उतरला हे कोणालाच ठाऊक नसते. जिथे नोंद नाही तिथे पुसणेही शक्य नाही. कुठे काय आहे हे माहीत असेल, तरच "तुझ्या फोनमधला काढून टाक" असे सांगता येते. नाजूक रिपोर्टच्या प्रती कमी ठेवा, वहीत त्याला फक्त क्रमांक द्या, पण नोंद ठेवाच.

कायदाही आता या दिशेने चालला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, आपली माहिती एखाद्या संस्थेने आणखी कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा हक्क दिला आहे. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणजे ‘माझ्या प्रती कुठे आहेत?’ हा प्रश्न उद्या कायद्याने विचारता येणार आहे. रुग्णालयांनी आणि विमा कंपन्यांनी त्याचे उत्तर आतापासून तयार ठेवावे.

खरी जबाबदारी कोणाची?

वरचे सगळे वाचून कोणी म्हणेल, "आजाराने गांजलेल्या माणसावर आणखी एक काम लादता!" बरोबर आहे. हे काम खरे तर आमचे आहे. आम्ही ते करत नाही, म्हणून तुम्हाला करावे लागते. म्हणूनच ही वही लिहिता लिहिता रुग्णालयाकडे पुढच्या गोष्टी मागायला लागा.

डिस्चार्ज कार्डावर एक चौकट हवी: फिल्म, सीडी, ब्लॉक, स्लाइड, केसपेपर यांतले काय पेशंटला दिले, काय आमच्याकडे आहे, कोणत्या क्रमांकाने आणि कोणत्या तारखेपर्यंत. पाच ओळींचे काम आहे. बिलावर कापसाच्या बोळ्याचाही हिशेब असतो, मग गाठीच्या तुकड्याचा का नसावा?

रेकॉर्ड किंवा ब्लॉक नष्ट करण्याआधी पेशंटला कळवावे. औषधाच्या दुकानातून आणि तपासणीच्या पॅकेजच्या जाहिरातीतून एसएमएस येतात. "तुमचा ब्लॉक पुढच्या महिन्यात काढून टाकत आहोत, हवा असल्यास घेऊन जा" असा एक एसएमएस पाठवणे अशक्य नाही.

प्रत मागण्यासाठी एक ठरलेला काउंटर, लिहिलेले शुल्क आणि ७२ तासांची पाटी हवी. "साहेब आले की बघू" हे उत्तर बंद व्हावे.

विमा कंपन्यांनी क्लेम मिटल्यावर मूळ वैद्यकीय कागद परत द्यावेत किंवा साक्षांकित प्रतीवर काम भागवावे. क्लेम एकदाचा असतो, आजार आयुष्यभराचा.

आणि पेशंटने ओपीडीत कागदांची पिशवी उघडली, की तोंड वाकडे करणे आम्ही डॉक्टरांनी थांबवावे. कोणता जुना रिपोर्ट बघितला हे केसपेपरवर लिहावे. तो रिपोर्ट त्या तारखेला कोणाकडे होता, याचा तोच पुढे पुरावा होतो.

तोवर, पुढच्या वेळी बायोप्सी, स्कॅन किंवा ऑपरेशन झाले, की निघण्यापूर्वी काउंटरवर उभे राहून तीन प्रश्न विचारा: मूळ कुठे राहणार? किती वर्षे? मागायला कोणाकडे यायचे? उत्तर मिळेल ते तिथेच, त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर तेही तारखेसह लिहून ठेवा.